डावी दोरी

पतंग तिसऱ्यांदा डावीकडे वळला आणि नाकावर आपटला.

"वारा चांगला आहे," मागून टेलरकाका म्हणाले.

"दिसतंय मला."

ती खरं तर पतंग परत करायला आली होती, उडवायला नाही. बाबांना जाऊन सतरा दिवस झाले होते. ते इथेच, या मैदानावर कोसळले होते. टेलरकाकांनी आणि त्यांच्या बाकीच्या पतंगवाल्या मित्रांनी त्याच दिवशी ही लांबट पिशवी घरी आणून ठेवली होती आणि भेटायला आलेला त्यातला प्रत्येक जण म्हणाला होता, आवडीचं करता करता गेला, भाग्यवान. ती दात आवळून सगळ्यांना पाणी देत राहिली. आज पिशवी उचलून ती तडक इकडे आली. घ्या, तुमचं तुम्हाला लखलाभ, असं तोंडावर सांगायचं तिने ठरवलं होतं.

"एकदा उडव," टेलरकाका म्हणाले होते. "मग काय ते बोल."

रागारागातच तिने पट्टे मनगटांत अडकवले होते. दोन दोऱ्यांचा हा पतंग दोन्ही हातांनी चालवायचा. डावा हात ओढला की तो डावीकडे वळतो, उजवा ओढला की उजवीकडे. दोन्ही हात सारखे धरले की सरळ वर. दहाव्या वर्षी बाबांनीच तिला शिकवलं होतं. एकतीस वर्षं क्रेनच्या दोन दांड्या धरून टनावारी लोखंड अलगद खाली ठेवणारा माणूस तो. हातांचा त्यांना फार अभिमान होता.

चौथ्यांदाही पतंग डावीकडेच गेला.

मग तिने नवशिका माणूसही सगळ्यात आधी करतो ते केलं. दोन्ही पट्टे जमिनीत ठोकलेल्या खुंटीला अडकवले, दोऱ्यांची दुसरी टोकं पतंगापासून सोडवून ताणून धरली. डावी दोरी चांगली वीतभर तोकडी होती. ती बोटं फिरवत खुंटीपर्यंत आली. पट्ट्यापाशी एकामागे एक पाच गाठी होत्या. प्रत्येक गाठीवर मेण चोळलेलं. असं नीटनेटकं काम या मैदानावर एकच माणूस करायचा.

"काका, जन्मभर लोकांची मापं घेतलीत ना? दोन दोऱ्या सारख्या ठेवता येत नाहीत तुम्हाला?"

"माप बरोबर आहे."

"बरोबर? पाच गाठी मारल्यात डावीकडे!"

"त्याच्या हाताचं माप आहे ते."

क्षणभर तिला काही कळलं नाही. मग कळलं. डाव्या हाताला ओढता येत नसेल, तर दोरीच आखूड करायची, म्हणजे ओढायचं काम ती करते.

"कधीपासून?"

"पहिली गाठ जानेवारीत. पतंग सारखा उजवीकडे वाहत जायचा. म्हणाला, खांदा आखडलाय. मग महिन्याला एक."

"आणि तुम्ही बांधत गेलात." तिचा आवाज चढला. "मला एक फोन करता आला नाही? मी दिवसभर काय करते माहीत आहे ना? हेच करते! लोकांचे हात बघते!"

"त्याने शपथ घातली होती गं."

"खड्ड्यात गेली तुमची शपथ!"

मैदानावरच्या माना वळल्या. त्या दिवशी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन बघून तिला विचारलं होतं, हे एका दिवसातलं दिसत नाही, आधी हातापायात काही जाणवत होतं का? ती ताडकन म्हणाली होती, मी फिजिओथेरपिस्ट आहे, एका घरात राहतो आम्ही, मला कळलं नसतं का?

टेलरकाकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"ओरड, पोरी. मी त्याच लायकीचा आहे. पण तो तुझ्यापासून लपवत होता असं नाही. सांगायचा धीर होत नव्हता त्याला. म्हणून तर दर रविवारी इथून तुला फोन लावायचा. म्हणायचा, एकदा तिच्या हातात दोऱ्या दिल्या की तिचं तिला कळेल, मला तोंड उघडावं लागणार नाही."

दर रविवारी, साडेनऊला. 'आज वारा छान आहे, येतेस का जरा?' बहुतेक वेळा तिने फोन उचललाच नव्हता. एकदा उचलला तेव्हा म्हणाली होती, "बाबा, आठवड्यातून एक दिवस झोपू द्या हो मला. काय पोरखेळ लावलाय!" ते हसले होते. बरं, पुढच्या रविवारी, म्हणाले होते.

"दे इकडे," टेलरकाकांनी हात पुढे केला. "गाठी सोडून देतो. सरळ उडेल."

"हात लावू नका."

तिने दोऱ्या पुन्हा जोडल्या. पतंग उठला आणि डावीकडे झुकला. तिने उजवा हात ओढला नाही. डावा खांदा सैल सोडला. पतंग तरी डावीकडेच. मग दंड. मग कोपर. शरीरातला एकेक स्नायू ती नावानिशी ओळखत होती. त्या हातातले ती एकेक करून सोडत गेली. शेवटी कोपर वाकलेलं राहीना. दोरीने हात सरळ पुढे ओढून नेला, आणि तिने तो जाऊ दिला.

तेव्हा कुठे पतंगाचं नाक वर आलं. तो सरळ चढत गेला, ना इकडे ना तिकडे.

असा हात घेऊन कोणी तिच्या क्लिनिकमध्ये आलं असतं, तर तिने त्याला खुर्चीवर टेकूसुद्धा दिलं नसतं. त्याच पावली गाडीत घालून मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं असतं.