टाकीतली शितं

हेरंबने माशांच्या टाकीतलं पाणी चाचणीच्या नळीत घेऊन औषधाचे थेंब घातले, आणि ते पुन्हा लालभडक झालं. नायट्रेट उतरायचं नावच घेत नव्हतं. रविवारीच तर त्याने अर्धं पाणी बदललं होतं. चिडून त्याने टाकीत रबरी पाइप सोडला, दुसरं टोक मोरीत धरलं आणि तळातला गाळ ओढायला लागला. गाळाबरोबर भाताची शितं यायला लागली.

"आई, माशांना भात कोण घालतं? उरलेला खाली कुजतो. मरतील सगळे!"

आई स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. "मीच. पितृपंधरवडा आहे ना. तुझ्या बाबांचा घास."

"अगं, तो कावळ्याला ठेवतात!"

"ठेवतच होते की. पण कबुतरं येतात म्हणून तू बाल्कनीला जाळी लावलीस, तेव्हापासून एक कावळा फिरकत नाही. शेजारच्या हंसाबेन त्यांचा कागवास, म्हणजे कावळ्यांचा घास, टाकायला गच्चीवर जातात. मला तेवढे जिने चढवत नाहीत." तिचा आवाज खाली आला. "हे मासे मी वाटी धरली की लगेच वर येतात रे. वाटतं, तुझ्या बाबांना पोचलं. उद्याची सर्वपित्री झाली की नाही घालणार."

हेरंबने मोरीकडे पाहिलं. बाबांच्या घासातली शितं एकेक करून जाळीतून खाली चालली होती. त्याने पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून धरला.