झडती

उस्मानाबादच्या सरकारी दफ्तरखान्यात निजामाच्या काळातले कागद चाळून गुंडेराव मास्तर वडिलांच्या कापसाच्या जिनिंग मिलचा इतिहास लिहीत होते. रोज निघताना कारकून शिवमूर्ती हसत म्हणायचा, "मास्तर, झडती द्या! सरकारी कागद तर न्हाय ना नेत?"

मास्तर उपरणं झटकायचे, आणि त्यातून रुईचा पांढरा पुंजका खाली पडायचा.

"इथं नुसते कागद. रुई कुठनं आणता हो?"

मास्तर पुंजका पायानं बाजूला सारायचे. मिलच्या फाटकात कामकरी बायांची अशीच झडती व्हायची. आग लागली त्या दिवशीही, रुई चोरीला जाईल म्हणून वडिलांनी एकेकीचा पदर झटकूनच तिला बाहेर सोडलं. रांगेत शेवटी गौराबाई होती. ती बाहेर आलीच नाही.

आज आगीपर्यंत मजकूर आला. मग वडिलांच्या नावाखातर मास्तरांनी लिहून टाकलं, 'आगीत कोणी दगावलं नाही.'

निघताना त्यांनी भीतभीत उपरणं झटकलं. आज रुई पडली नाही. मास्तरांना हायसं वाटलं.

शिवमूर्ती त्यांच्या खांद्यावरून मागं बघत म्हणाला, "जावा मास्तर. ओ बाई, आता तुमी."

मास्तरांच्या पाठीमागं कुणीतरी पदर झटकला.