हाजराचं घर

रज्जाकनं हाजराचे केस डाव्या मनगटाला गुंडाळले आणि तिला ओसरीवरून अंगणात ओढलं. चौदा दिवसांची बाळंतीण ती. तिचं कपाळ पायरीवर आपटलं. त्यानं उजव्या हातातली सायकलची साखळी एकदा हवेत फिरवली आणि तिच्या पाठीवर उतरवली.

"हबशीण! काळं रक्त आणलंस घरात!"

ओसरीवर सात पोरी कुराणाचे सिपारे उघडून बसल्या होत्या. त्यांना शिकवणारी खैरूनबी म्हणजे रज्जाकची आई. सगळं चाकण तिला उस्तानी म्हणायचं. नवरा गेल्यावर बारा वर्षं तिनं डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन गावं पालथी घातली, हे घर उभं केलं, पोरगा वाढवला. पोरींना ती अरबीबरोबर मराठी अक्षरंही गिरवायला लावायची. "नुसतं घोकू नका. अर्थ विचारा. अर्थ कळला की कुणी तुमच्यावर खोटं लादू शकत न्हाई," असं सांगायची. त्यावरून मशिदीतल्या बुजुर्गांशीही ती भांडली होती. आपण सगळी एका आदमची लेकरं, गोऱ्याला काळ्यावर मोठेपणा नाही, हे तर तिच्या तोंडी रोजचंच.

हाजरा जंजिऱ्याकडची, सिद्दी घरातली. रज्जाक लहान असतानाच त्याच्या बापानं तिच्या बापाला शब्द दिला होता, म्हणून ती या घरात आली. काळीभोर, दाट कुरळ्या केसांची. मुलगी झाली तीही थेट तिच्यावर गेली. आज सुट्टी म्हणून पिंपरीच्या कारखान्यातले दोघं सोबती बाळ बघायला आले होते. पाळण्यात वाकून एकानं विचारलं, "रज्जाक, ही कुणावर गेली रे?" आणि दोघंही हसले. रज्जाक त्यांना मोटारीपर्यंत पोचवून आला, तो सायकलची साखळी हातात घेऊनच.

दुसरा फटका. तिसरा. हाजराचं पोलकं फाटलं, पाठीवर रक्ताचे वळ उठले. एका पोरीनं सिपारा तोंडावर धरला. घरात बाळ टाहो फोडत होतं.

कुसवापलीकडून शेजारची शालनबाई ओरडली, "अवो, मरंल ती! जावा की!"

"त्यांच्यातलं हाय ते," तिचा नवरा बबनराव म्हणाला. "आपण न्हाई मधी पडायचं."

खैरूनबी धावली. "सोड तिला!"

"बायको हाय माझी. मजहबनं हक दिलाय मला."

"कुठं लिहिलंय, दाखव मला! रसूल पैगंबरांनी कुठल्या बायकोवर हात उचलला होता, सांग!"

रज्जाक फिरला. "तू गप बस, अम्मा. तू तरी बोलू नकोस."

साखळी पुन्हा वर गेली. मग उखळाजवळचं मुसळ कधी तिच्या हातात आलं, ते तिलाही कळलं नाही. तिनं ते सगळ्या ताकदीनं पोराच्या मनगटावर मारलं. काडकन आवाज झाला. साखळी गळून पडली आणि रज्जाक गुडघ्यांवर कोसळून लहान मुलासारखा कळवळला.

अंगण माणसांनी भरलं. शालनबाई नवऱ्याला न विचारता कुसवावरून उतरली आणि तिनं हाजराला मांडीवर घेतलं. जमातीचे पुढारी गुलाबभाई तांबोळी गर्दीतून पुढं आले. रक्त बघून त्यांनी मान हलवली.

"उस्तानी, तुमच्या पोटी असा कसा निपजला? कारखाना झाल्यापासनं पोरं बिघडली. कुठनं कुठनं आलेल्यांचं ऐकतात. पण तुमी आज पोटच्या पोरावर हात उचलून सुनेला वाचवलंत. अशी सासू बघितली न्हाई."

बायांनीही माना डोलावल्या. रज्जाक मनगट छातीशी धरून खाली बघत राहिला.

खैरूनबीनं पदर भिजवला आणि हाजराच्या कपाळावरचं रक्त पुसायला ती वाकली. हाजरानं तोंड फिरवलं. साखळीपुढं तोंडातून हूं न काढलेली ती पोर सासूच्या हाताला मात्र शहारली.

ओला पदर तसाच हातात राहिला. खैरूनबी उठून उभी राहिली. आधी तिनं ओसरीवरच्या पोरींकडं बघितलं.

"पोरींनो, तुमच्या उस्तानीनं जे शिकवलं ते खरं हाय. पण ती स्वतः खोटी हाय." मग ती गर्दीकडं वळली. "कारखान्याला बोल लावू नका, गुलाबभाई. बाळ झालं त्या दिवशी गावातल्या बाया बघायला येणार, त्यांना रंग दिसू नये म्हणून मी त्याचं तोंड दुपट्यानं झाकलं. निजलंय म्हणून सांगितलं. हा रज्जाक दारात उभा होता. त्यानं बघितलं. लग्न झाल्यापासनं तो बघतोच हाय. हाजराच्या हातचं पाणी मी पाहुण्यांपुढं जाऊ दिलं न्हाई कधी."

तिनं मागं वळून घराकडं बघितलं.

"हे घर माझ्या कमाईचं, माझ्या नावावर. बाईला आपला माल द्यायचा हक हाय, हेही मजहबच सांगतो. आज हे घर मी हाजराला दिलं. साक्षीला दोघं लागतात. एक तुमी, गुलाबभाई." तिनं कुसवाकडं बघितलं. "दुसरे बबनराव. या इकडं. आता पडा मधी."

बबनराव खाली मान घालून आत आला.

"आन् तुमी कुठं जाणार?" गुलाबभाईंनी विचारलं.

खैरूनबीनं वाकून रज्जाकचा धड हात धरला आणि त्याला उभं केलं.

"ज्यांनी मारलं ते भायेर जातात," ती म्हणाली. "चल रज्जाक. आपण दोघं."