पहिली दहा मिनिटं

ग्लेनिसने सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की पहिली दहा मिनिटं इंटरनेट गोगलगायीसारखं सरपटायचं. "हल की मेल्या, मी मरायची वाट बघतोयस का?" असं पडद्याला बोलत ती चहा संपवायची. शेवटी तिने कोबार गावातल्या दुरुस्तीवाल्या ट्रेव्हरला बोलावलं.

त्याने आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी उघडली. "मावशी, मशीन सुरू झालं की हे आपोआप उठतं आणि काहीतरी भलंमोठं बाहेर पाठवत बसतं. सगळी लाइन हेच खातंय. कुणी घातलं?"

"वेनने असेल, माझ्या लेकाने. पार ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या टोकाला, पिल्बाराला खाणीवर असतो. दोन वर्षांपूर्वी आला होता, तेव्हा काहीतरी खुडबुडत होता."

"बंद करू?"

"कर की! विचारतोस काय?"

ट्रेव्हरने बंद केलं. इंटरनेट सुसाट धावू लागलं.

दुसऱ्या दिवशी तिची न्याहारी उरकते न उरकते तोच दारात पोलीस. "बऱ्या आहात ना? मुलाने बघायला पाठवलंय," म्हणत त्याने स्वतःचा फोन पुढे केला.

"आई, आज तू दिसलीच नाहीस!" फोनमधून वेन ओरडला. "कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यातून रोज तुझी पहिली दहा मिनिटं माझ्याकडे येतात. तुझं 'हल की मेल्या' ऐकूनच मी कामावर जातो."

"दोन वर्षं? आणि फोन एकही नाही?"

"अगं, रोज भेटत होतोच की आपण."

"तू भेटत होतास रे," ग्लेनिस म्हणाली. "मला कुणीच भेटत नव्हतं."