खिळ्यांची दुसरी फळी

सकाळी दहा वाजता, हसनाबादच्या पारासमोर, निवृत्त शिक्षक भालचंद्र सर उघड्या पाठीने खिळ्यांच्या फळीवर झोपले. उठले तेव्हा पाठीवर नुसते लाल ठिपके होते.

"रक्त न्हाई!" कुणीतरी ओरडलं. "सर, आता तुमची बी आरती करावी लागते!"

सगळे हसले. द्वारकाबाई हसल्या नाहीत. अशाच फळीवर झोपणाऱ्या बाबाच्या शब्दावर त्यांनी इन्सुलिनची सुई बंद केली होती. त्यांचा मुलगा भारत, सरांचा जुना विद्यार्थी, जालन्याला सरांच्या दारात येऊन रडला होता.

"डॉक्टर म्हणतेत, सुई सुटली की खेळ खलास. माय माझं ऐकत न्हाई, सर. तुमचं ऐकल."

भारत वेल्डर. आजच्या प्रयोगाच्या दोन्ही फळ्या त्यानेच बनवल्या. गावासमोर बोली केली तीही त्यानेच. दुसऱ्या फळीवर बाबाला रक्त आलं तर माय सुई घेईल. नाही आलं तर कुणी तिला सुईचं नावही काढायचं नाही. द्वारकाबाई "बराबर" म्हणाल्या होत्या.

"चमत्कार नाही," सर म्हणाले. "माझं वजन शेकडो टोकांवर वाटलं गेलं. एकेकाच्या वाट्याला थोडंच आलं. टोकं कमी करा, तेच वजन चामडीत घुसतं."

भारतने पोत्यातून दुसरी फळी काढली. तिच्यावर चारच खिळे.

सर समोर बसलेल्या बाबाकडे वळले. "बाबा, झोपू नका. नुसता तळहात ठेवा आणि भार द्या."

बाबा नकार देणार, अशी सरांची खात्री होती. बाबा हसला. तळहात टेकवून सगळं अंग त्यावर रेललं. मग हात उंच धरला. कोरडा.

एकच जयजयकार झाला.

"मास्तर, राग नका धरू," द्वारकाबाई म्हणाल्या. "पर आता बास."

लोक बाबामागे गेले. सरांनी खिळ्यांवर बोट फिरवलं. चारही टोकं गुळगुळीत, हरभऱ्यासारखी गोल.

"भारत! बाबाच्या माणसांनी फळी बदलली. बोलाव सगळ्यांना, जल्दी!"

भारतने फळी पोत्यात घातली, तोंड आवळून बांधलं.

"कुणी न्हाई बदलली, सर. मीच घासले खिळे."

"अरे, माय आहे तुझी!"

"मायनं सोताच ठरवलं, साऱ्या गावासमोर. मी तुम्हाला आणलं, हे बी साऱ्यांनी पाह्यलं. उद्या काही झालं तर मला कोणी इचारणार न्हाई."

त्या संध्याकाळीही द्वारकाबाईंनी सुई घेतली नाही.