मिठाची वाटी

"सिस्टर, मीठ." सकाळी सहाला तादाला आजी रोजच्यासारखी वाटी घेऊन दारात उभी.

मलावीतल्या या गावात मी मिशनच्या दवाखान्यात नर्स आहे. दारी आलेल्याला रिकाम्या हाती पाठवू नये, असं जालन्याला आईनं प्रार्थनेसोबतच शिकवलेलं. पण आजीच्या घरात माणसं दोन, आणि रोज वाटीभर मीठ? विकत असणार. आज मीठ नेतेय, उद्या साखर मागेल, परवा अख्खं गाव रांग लावेल. शेवटी 'उद्यापासून नाही' म्हणायचं बळ देवाकडे मागून मी दुपारी तिच्या घरी गेले.

चुलीमागच्या मडक्यात माझं मीठ काठोकाठ भरलेलं होतं. चिमूटभरसुद्धा वापरलेलं नसावं.

"लागत नाही तर मागता कशाला?" माझा आवाज चढलाच.

"तू एकटी राहतेस, पोरी. एकट्या माणसाच्या दारी सकाळी कुणीतरी डोकावून यावं, अशी आमच्यात रीत आहे." तिनं मडक्यावर झाकण ठेवलं. "पहिल्या दिवशी मी नुसतीच आले होते. तूच दार अर्धवट उघडून विचारलंस, काय पाहिजे?"