म्हातारी आणि लांबनाकी

थोरल्याचा हिशेब सरळ होता. आपली गाडी वाईट ठरली, की गाडीही आपली आणि बाबा धाकट्याच्या गळ्यात. धाकट्याचा हिशेबही तोच होता, फक्त उलट्या बाजूनं.

पडल्यापासून बाबांना एकटं राहणं जमत नव्हतं. जन्मभर जपलेल्या दोन विलायती स्पोर्ट्स गाड्या त्यांनी दोन मुलांना दिल्या आणि अट घातली: ज्याच्याकडे चांगली गाडी, त्यानं मला सांभाळायचं. चांगली कुठली, ते बहीण ठरवणार. जुन्या गाड्या भाड्यानं देण्याचा तिचा धंदा होता.

गॅरेजमध्ये बाबा स्टुलावर बसलेले. त्यांच्यासमोरच सुरू झालं.

"माझी म्हातारी महायुद्धाच्या आधीची," थोरला म्हणाला. "सांगाडा लाकडी, ब्रेक सळ्यांचे. आज दाबला तर उद्या थांबते. आणि ह्याची साठ सालानंतरची. डिस्क ब्रेक, सहा सिलिंडर. काय तो रुबाब!"

"रुबाब? माझी लांबनाकी चढावर उकळते, दादा! दिवे तिच्या मनात आलं तर लागतात. तुझी हळू का होईना, धावते तरी. तारांच्या चाकांसाठी लोक जीव टाकतात."

"मग घे ना ती तू!"

"तुझी तुला लखलाभ!"

थोरल्यानं पाना फरशीवर आपटला. "भंगार आहे माझी गाडी! ऐकलंस?"

"माझी महाभंगार!"

बाबा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. याच गाड्यांत दोघांना मांडीवर घेऊन त्यांनी स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं.

बहिणीचा चेहरा लालबुंद झाला. "लाजा वाटू द्या रे! बाप समोर बसलाय. गाड्यांना कशाला नावं ठेवता? सरळ तोंडानं सांगा ना, बाबा नकोत म्हणून!"

थोरला वाकून पाना उचलू लागला, धाकटा चिंधीनं काच पुसू लागला.

"दोन्ही भंगार ना? मग हक्क सोडा. दोन्ही मी नेते."

सह्या इतक्या झटपट झाल्या, की पेन गरम व्हावं. धाकट्यानं धावत जाऊन बाबांचे कपडे नि औषधं पिशवीत भरून आणली. "ताई, लेक असावी तर तुझ्यासारखी," म्हणत त्यानं तिचे पायच धरले. फुकटात सुटलेला माणूस धरतो तसे.

बाहेर थांबलेला बहिणीचा नवरा लांबनाकी घेऊन पुढे गेला. तिनं म्हातारी सुरू केली. बाबा दाराला धरून कसेबसे शेजारच्या सीटवर टेकले, पिशवी मांडीवर घेतली, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले.

"चल पोरी."

तिनं हात लांबवून त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"उतरा बाबा. अट चांगल्या गाडीची होती. दोघांनी तुमच्यादेखत कबूल केलंय, ह्यांत चांगली एकही नाही."